टर्की येडी नाही भो

एप्रिलमध्ये चोपड्याजवळ मावसभावाच्या शेतावर गेलो होतो, दुपारची वेळ, वहिनीने डाळ लावलेली, आणि कुकरची पहिली शिट्टी झाली तसं घरामागून एकदम गडगड गडगड गडगड, जणू सात-आठ म्हातारे एकाच वेळी हुक्का ओढताहेत. "हाई काय शे?" मी विचारलं. भाऊ हसला, म्हणे दुसरी शिट्टी होऊ दे. दुसरी झाली, परत तेच. तिसरीची तर मीच वाट बघत बसलो.

घरामागे नाल्याच्या पलीकडे पऱ्हाट्यांचं कुंपण घातलेल्या पडीक तुकड्यात त्याच्या चाळीस टर्क्या, कोंबडीच्या जातीचे पण बरेच मोठे पक्षी, मोकळ्या फिरतात, त्यातले सात नर. ही गडगड नरांचीच, माद्या आपल्या बारीक आवाजात किटकिट करत फिरतात. विणीच्या दिवसांत नराला कुठलाही अचानक मोठा आवाज पुरतो, शिट्टी म्हणा, एसटीचा हॉर्न म्हणा, वीज कडाडली तरी उत्तर देणारच. अमेरिकेत शिकारी जंगलात घुबडाचा आवाज काढतात ते यासाठीच, नर लपलेला असला तरी त्याला गप्प बसवत नाही. एकाने सुरू केलं की बाकीचे इतक्या पटकन साथ धरतात की आपल्याला सगळे एकदम ओरडल्यासारखे वाटतात.

गावात मात्र एकच मत, येडा पक्षी आहे. पावसात तोंड वर करून बघत बसतो आणि नाकात पाणी जाऊन मरतो, हे तर मला तीन जणांनी सांगितलं. खोटं आहे. टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, तिला आभाळ बघायचं तर मान तिरकी करून एका डोळ्याने बघते, तोंड आ करून वर कशाला करेल. पावसात पिल्लं मरतात हे खरंय पण ती गारठून, कारण त्यांची लव भिजते आणि अंगातली ऊब टिकत नाही.

पिल्लांचा विषय निघाला की भाऊ जरा गप्प होतो. पहिल्या खेपेला तीस पिल्लं आणली होती, त्यातली अकरा पहिल्याच आठवड्यात गेली, आणि खाद्य समोर पडलेलं! कोंबडीचं पिल्लू अंड्यातून निघालं की टोचायला लागतं, टर्कीच्या पिल्लाला हे खाणं आहे हेच लवकर कळत नाही. त्याचं लक्ष हलणाऱ्या, चमकणाऱ्या, रंगीत गोष्टीकडे जातं, म्हणून पाण्याच्या भांड्यात रंगीत गोट्या टाकायच्या, खाद्यावर कांद्याची हिरवी पात बारीक चिरून आणि उकडलेलं अंडं कुस्करून पसरायचं. पहिला आठवडा बल्बखाली साधारण 35 अंश ऊब, मग दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करत जायचं. आणि खाद्यात 28 टक्क्यांच्या आसपास प्रोटीन लागतं, कोंबडीच्या पिल्लांपेक्षा बरंच जास्त.

मग कोणीतरी सल्ला दिला की देशी कोंबडीखाली अंडी ठेव, ती शिकवेल पिल्लांना. ठेवली. कोंबडीची अंडी 21 दिवसांत फुटतात, टर्कीची 28 दिवस घेतात, तरी बिचारी बसून राहिली, पिल्लं निघाली, अंगणभर तिच्यामागे फिरली, अगदी फोटो काढण्यासारखं. अडीच महिन्यांची झाली आणि पंख पाडून कोपऱ्यात उभी राहायला लागली, विष्ठा हळदीसारखी पिवळी. डॉक्टरांनी मेलेलं एक उघडून दाखवलं, यकृतावर गोल गोल खोलगट डाग. याला ब्लॅकहेड म्हणतात, नाव तसं असलं तरी डोकं काळं पडतंच असं नाही. करणारा जीव हिस्टोमोनास, एकपेशीय. गंमत बघा त्याची, हा एकटा जमिनीत फार टिकत नाही, म्हणून कोंबडीच्या आतड्यातल्या एका बारीक जंताच्या अंड्यात शिरून बसतो, ती अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, गांडूळ ती खातं आणि टर्की गांडूळ खाते. कोंबडीला यातलं बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही, ती मजेत. त्यामुळे औषधाच्या भरवशावर राहू नका, टर्क्या आणि कोंबड्या एका जमिनीवर ठेवायच्याच नाहीत. नाल्याच्या पलीकडचा तुकडा निवडला तो याच कारणाने, तिकडे कधी कोंबडी फिरली नव्हती.

बर्ड फ्लूचं तर खान्देशात सांगायलाच नको, फेब्रुवारी 2006 मध्ये देशातली पहिली साथ आपल्या नवापूरलाच सापडली होती, लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, 2021 ला परत तेच. टर्कीला तो कोंबडीपेक्षाही लवकर धरतो. म्हणून पाण्याची भांडी शेडच्या आत, रानपक्षी येऊन बसतील अशी उघड्यावर नाही.

आता वागणं. सगळी गोष्ट कळते ती चोचीवरून लोंबणाऱ्या मांसल सोंडेवर. नर निवांत असला की ती आखडून बोटाच्या पेरासारखी होते, फिकट. तापला की लांब होऊन चोचीच्या खाली लोंबते, डोकं लाल, निळं, पांढरं होत राहतं. कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात-आक्रसतात तसे मधले कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे जवळ-लांब सरकतात आणि उजेडाचा रंग बदलतो. जहांगीर बादशहाने 1612 साली गोव्याहून आलेला असाच एक पक्षी बघून लिहून ठेवलंय की त्याचं डोकं कधी पोवळ्यासारखं, कधी कापसासारखं, कधी फिरोजासारखं दिसतं, आणि उस्ताद मन्सूरकडून चित्रही काढून घेतलं. चारशे वर्षांपूर्वीचं निरीक्षण, आजही तंतोतंत. रिचर्ड बुखोल्झ या शास्त्रज्ञाने दाखवलं की माद्या लांब सोंडेच्या नराला पसंत करतात आणि दुसरे नर त्याच्या वाटेला जायचं टाळतात. भाऊ शास्त्र वाचत नाही, पण सोंड बघून भांडण होणार की नाही हे आधीच सांगतो. भांडणात नर एकमेकांची सोंड चोचीत धरून पिरगाळतात, रक्त आलं की बाकीचे लाल दिसलं म्हणून टोचत सुटतात, तेव्हा जखमी पक्षी लगेच वेगळा काढायचा. नवीन पक्षी दिवसा टोळीत सोडाल तर सगळे मिळून त्याला बडवतील, भाऊ रात्री अंधारात दांडीवर बसवून देतो आणि सकाळी खाद्य चार-पाच ठिकाणी विखरून टाकतो, म्हणजे ज्याची दादागिरी आहे तो सगळीकडे पुरा पडत नाही.

आई टर्की पिल्लाला आवाजाने ओळखते. श्लाइट नावाच्या संशोधकाने 1960 च्या सुमारास बहिऱ्या केलेल्या माद्यांना अंडी उबवू दिली, त्यांनी स्वतःचीच पिल्लं मारून टाकली, चिवचिव ऐकूच येत नव्हती ना, म्हणजे त्यांच्या लेखी घरट्यात काहीतरी भलतंच घुसलं होतं. ऐकून मला कसंतरी झालं.

मे महिन्यात पारा 44-45 वर जातो तेव्हा भाऊ खाद्य पहाटे आणि संध्याकाळीच टाकतो, पचवताना अंगात उष्णता होते म्हणून. टर्क्यांना घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकतात, बिनपिसांच्या डोक्या-मानेतूनही उष्णता निघून जाते.

संध्याकाळी आम्ही त्यांना आत घ्यायला गेलो. दोघांच्या हातात लांब बांबू, मारायला नाही, हात लांब झाला एवढंच. मागून हळू चालायचं, घाई केली तर फुटतात, पुढचा एक वळला की सगळे त्याच्यामागे वळतात. पूर्वी इंग्लंडमध्ये नॉरफोकहून लंडनपर्यंत असे शेकडो पक्षी चालवत न्यायचे. मी मध्येच फोन घेतला आणि दहा मिनिटं गेली, तेवढ्यात अंधारलं. टर्की अंधार पडला की असेल तिथेच उंचावर बसते, मग हलत नाही. तीन टर्क्या ट्रॅक्टरच्या बोनेटवर आणि एक निंबाच्या फांदीवर. भाऊ म्हणे राहू दे, सकाळी उतरतील. पण रात्री दोनदा बॅटरी घेऊन बाहेर जाताना मी त्याला बघितलं, रानमांजर येतं तिकडे.