आतील भिंतींची रंगपूर्व तयारी

घराच्या आतील भिंतीला रंग देण्याआधी तिची ओल तपासणे, सुटलेले थर खरवडणे, भेगा-खड्डे भरणे, घासणे आणि प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या पायाभूत लेपाचा, हात देणे या कामांना मिळून भिंतीची रंगपूर्व तयारी म्हणतात. इमल्शनचे, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या भिंतीच्या रंगाचे, दोन हात वाळल्यावर त्यांची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही भरत नाही. एवढ्या पातळ थराखाली काहीच लपत नाही. रंग चकचकीत असेल तर खालचे उंचवटे उलट उठून दिसतात.

सर्वांत जास्त घाई होते ती ओलीच्या बाबतीत. सिमेंटच्या नव्या गिलाव्याला २८ दिवस द्यावेत असा प्रघात आहे. पण सिमेंट घट्ट होणे वेगळे आणि भिंत वाळणे वेगळे. दमट हवेत जाड भिंतीला याहून बराच जास्त वेळ लागतो. ताजा गिलावा अत्यंत अल्कधर्मी असतो आणि त्याचा सामू (pH) १२ च्या वर जातो. अशा भिंतीवर तेलरंग दिला, तर अल्क आणि तेल यांच्या संयोगाने चक्क साबण तयार होतो. रंग चिकट पडतो आणि सुटू लागतो. भिंतीतले पाणी बाहेर येताना क्षारही सोबत आणते व पृष्ठभागावर पांढरा लोणा फुटतो. तो कोरड्या ब्रशने झाडावा. पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा आत मुरतात. ओल पाहण्याचा एक साधा उपाय म्हणजे हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर पक्का बसवून रात्रभर ठेवणे. सकाळी आतून थेंब दिसले किंवा तेवढा भाग गडद झालेला असला, तर थांबावे. गळक्या नळामुळे किंवा जमिनीतून चढणाऱ्या पाण्यामुळे आलेली ओल कोणताही प्रायमर रोखत नाही. आधी उगम बंद करावा लागतो.

जुन्या भिंतीवर हात फिरवला आणि तळव्याला पांढरी भुकटी लागली, तर तो चुना किंवा साधा डिस्टेंपर समजावा. तो ओला करून खरवडून काढावा लागतो. त्यावर दिलेला रंग भिंतीला नव्हे, भुकटीलाच चिकटतो. जुना रंग घट्ट बसलेला असेल तर सगळा उतरवण्याची गरज नसते. पोपडे काढून कडा घासून सपाट कराव्यात आणि चकाकी मोडावी. स्वयंपाकघरातील तेलकट थर साबणाच्या पाण्याने धुवावा, कारण घासकागद तो फक्त पसरवतो. बुरशी मारायला ब्लीच वापरल्यास त्यात आम्ल किंवा अमोनिया असलेले काहीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. फार जुन्या रंगात शिसे असू शकते. इमारतींच्या आतील रंगकामात पांढऱ्या शिशाच्या वापराला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९२१ मध्येच झाला, तरी शिशाचे रंग पुढे कित्येक दशके वापरात राहिले. त्यामुळे असा रंग कोरडा घासू नये.

पुट्टी (भिंत गुळगुळीत करणारा लेप) आधी की प्रायमर आधी, हा वाद रंगाऱ्यांत कायम चालतो, आणि त्याचे उत्तर डब्यावर किंवा पिशवीवरच असते. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. म्हणून ती हलक्या ओल्या केलेल्या गिलाव्यावर थेट लावतात. खाली प्रायमर असला तर तिची पकड कमी होते. अ‍ॅक्रिलिक पुट्टीचे तसे नाही. तिच्याआधी प्रायमरचा एक हात देतात आणि ती घासल्यावर आणखी एक. दोन्ही पुट्ट्या पातळ थरांतच द्याव्यात. खोल खड्डा पुट्टीने एकदम भरला तर ती तडकते, तो गिलाव्याच्या मालानेच भरावा. भेग थोडी रुंद करून, धूळ काढून मग भरतात. वाळल्यावर १८० ते ३२० क्रमांकाच्या घासकागदाने घासतात. या धुळीसाठी तोंडाला रुमाल पुरत नाही, मास्क हवा.

प्रायमरचे मुख्य काम भिंतीची शोषणक्षमता सारखी करण्याचे आहे. नुसत्या पुट्टीवर किंवा गिलाव्यावर रंग दिला, तर भिंत रंगातले पाणी आणि बांधणारा राळद्रव झपाट्याने ओढून घेते; वर उरते ती दुबळी, ठिगळासारखी दिसणारी रंगद्रव्याची भुकटी. आतील भिंतींना बहुधा पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक प्रायमर वापरतात. नव्या गिलाव्यासाठी अल्करोधक प्रकार मिळतो, तर धुराचे किंवा पाण्याचे जुने डाग इमल्शनमधून वर येऊ नयेत म्हणून द्रावकातला (पाण्याऐवजी टर्पेंटाइनसारख्या द्रवात केलेला) किंवा लाखेचा प्रायमर लागतो. पुरवठ्याला यावा म्हणून प्रायमर वाजवीपेक्षा पातळ करणे ही सर्रास दिसणारी खोड. अशा पाणचट हाताने भिंत पांढरी दिसते, पण तिची रंग ओढून घेण्याची सवय जात नाही.

प्रायमर वाळला की भिंतीला जवळजवळ समांतर बॅटरी धरून पाहावे. सगळीकडे एकच पांढरा रंग असल्याने राहिलेले ओरखडे आणि उंचवटे सावलीसह उमटतात. ते भरून घासल्यावर तेवढ्या जागी पुन्हा प्रायमर द्यावा, नाहीतर अंतिम रंगात तिथे निस्तेज चट्टे दिसतात.