घरगुती पुनर्चक्रीकरणातील शासकीय उत्तरदायित्व

घरांतून वेगळा करून दिलेल्या कचऱ्यापासून खरोखर नवा कच्चा माल तयार झाला की नाही, त्याविषयी जाहीर केलेले आकडे कसे काढले, त्यावरचा खर्च कोणत्या कामी आला आणि ठरवलेले लक्ष्य चुकल्यास त्याचे परिणाम कोणावर, या प्रश्नांची उत्तरे देण्याचे शासनसंस्थेवरील बंधन म्हणजे हे उत्तरदायित्व होय. इतर सार्वजनिक सेवांपेक्षा येथे एक अडचण अधिक आहे. नळाला पाणी आले नाही किंवा रस्ता खचला तर नागरिकाला ते लगेच कळते. बाटली मात्र दारातून उचलली गेली की ती त्याच्या नजरेआड होते, आणि ती भट्टीत वितळली, जाळली गेली की दूरच्या एखाद्या ढिगाऱ्यात पडून राहिली, हे त्याला स्वतः तपासता येत नाही. रोजच्या रोज श्रम घेऊन कचरा वेगळा करणारे घर शासनाच्या शब्दावर विसंबून ते काम करत असते, म्हणूनच त्या शब्दाची पडताळणी हा या विषयाचा गाभा आहे.

मराठीत ‘उत्तरदायित्व’ आणि ‘जबाबदारी’ हे दोन्ही शब्द उत्तर देण्याच्या कल्पनेवर उभे आहेत. पहिला संस्कृत ‘उत्तर’ आणि ‘दायिन्’ यांपासून, तर दुसरा अरबी ‘जवाब’ व फारसी ‘दार’ यांच्या जोडणीतून आला. व्यवहारात मात्र जबाबदारी म्हणजे काम अंगावर असणे आणि उत्तरदायित्व म्हणजे त्या कामाचा जाब देणे, असा भेद करणे सोयीचे ठरते. ‘पुनर्वापर’ हा शब्द बोलण्यात पुनर्चक्रीकरणासाठीही सर्रास वापरला जातो. परंतु बाटली धुऊन पुन्हा भरणे आणि तिची काच वितळवून नवी बाटली घडवणे या दोन वेगळ्या क्रिया असून त्यांची मोजणीही वेगळी होते. उत्तरदायित्वाच्या कल्पनेचे मूळ हिशेब देण्याच्या प्रथेत आहे, असे सामान्यतः मानले जाते. लोकप्रशासनाचे अभ्यासक मेल्विन डबनिक यांनी ते इंग्लंडमध्ये 1086 साली झालेल्या मालमत्तांच्या मोठ्या नोंदणीपर्यंत मागे नेले आहे. मात्र त्या नोंदणीत प्रजेने राजाला हिशेब द्यायचा होता, तर आज शासनाने प्रजेला द्यायचा आहे. ही उलटी दिशा लक्षात घेतली तर हा वारसा बराचसा शब्दापुरताच उरतो. त्याच क्षेत्रातील अभ्यासक मार्क बोव्हेन्स यांनी 2007 मध्ये केलेली मांडणी प्रस्तुत विषयाला अधिक लागू पडते. काम करणाऱ्याने एखाद्या व्यासपीठापुढे आपल्या वागण्याचे स्पष्टीकरण द्यावे, त्या व्यासपीठाला प्रश्न विचारण्याचा व निवाडा करण्याचा अधिकार असावा आणि त्या निवाड्याचे परिणाम होऊ शकावेत, असे तीन घटक त्यांनी सांगितले.

घरातच कचरा वेगळा करण्याच्या सक्तीचा आरंभ बहुधा पॅरिसमध्ये शोधला जातो. तेथील प्रीफेक्ट, म्हणजे शासननियुक्त प्रशासकीय प्रमुख, युजेन पूबेल यांनी 1883 च्या अखेरीस व 1884 मध्ये काढलेल्या आदेशांनी घरमालकांना झाकणाची पात्रे पुरवणे बंधनकारक केले. फ्रेंच भाषेत कचरापेटीला त्यांचेच नाव पडले. कुजणारा कचरा, कागद व चिंध्या, आणि काच व शिंपले अशी तीन पात्रे त्यांनी ठरवून दिली होती, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते; ही विभागणी प्रत्यक्षात कितपत पाळली गेली याविषयी मात्र सावधपणे बोलणे बरे. न्यूयॉर्क शहरात रस्ते-सफाई विभागाचे प्रमुख जॉर्ज वेअरिंग यांनी 1890 च्या दशकाच्या उत्तरार्धात राख, अन्नाचे अवशेष आणि सुका कचरा वेगळा उचलण्याची पद्धत लावली, पण शहराची सत्ता बदलल्यावर ती टिकली नाही. या दोन्ही प्रयोगांत घरांना कर्तव्य लावले गेले, परंतु वेगळा केलेला माल पुढे किती उपयोगी आणला याचा जाब शासनाला देण्याची तरतूद नव्हती. त्यामुळे कचरा वेगळा करण्याचा इतिहास एकोणिसाव्या शतकात सुरू होत असला, तरी शासकीय उत्तरदायित्वाचा इतिहास आकड्यातले लक्ष्य कायद्यात आल्यापासून, म्हणजे साधारण 1980 च्या दशकाच्या शेवटापासून, धरणे अधिक युक्त वाटते. कॅलिफोर्नियाच्या 1989 च्या कायद्याने स्थानिक संस्थांना भरावभूमीकडे, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेकडे, जाणारा कचरा 1995 पर्यंत 25 टक्के व 2000 पर्यंत 50 टक्के वळवण्यास सांगितले आणि कसूर झाल्यास दिवसाला 10,000 डॉलरपर्यंत दंडाची तरतूद केली. युरोपीय संघाच्या 1994 च्या वेष्टनविषयक निर्देशाने (सदस्य राष्ट्रांना बंधनकारक असलेल्या कायद्याने) वेष्टनांच्या पुनर्चक्रीकरणासाठी किमान 25 टक्के आणि प्रत्येक पदार्थासाठी किमान 15 टक्के अशी मर्यादा घातली.

लक्ष्य ठरले की मोजणीचा वाद सुरू होतो, आणि या विषयातील खरी गुंतागुंत तेथेच आहे. पुनर्चक्रीकरणाचे प्रमाण हा एक अपूर्णांक असतो, त्यामुळे त्याचा अंश आणि छेद दोन्ही ठरवावे लागतात. अंश कोठे मोजायचा? समजा, एका वस्तीत 100 टन कचरा निर्माण झाला आणि त्यांपैकी 40 टन वेगळा गोळा झाला. वर्गीकरण केंद्रात भेसळ म्हणून त्यांतील 8 टन बाजूला काढले गेले आणि उरलेल्या 32 टनांपैकी कारखान्यात धुताना, दळताना व वितळवताना आणखी 6 टन घटले. गाडीत भरताना मोजले तर प्रमाण 40 टक्के येते, केंद्राच्या बाहेर पडताना 32, आणि तयार कच्चा माल मोजला तर 26. तिन्ही आकड्यांत लबाडी कोठेच नाही, पण मोजण्याची जागा न सांगता दिलेला आकडा नागरिकाची दिशाभूल करतो. छेदाचेही तसेच आहे. केवळ घरांचा कचरा धरायचा की दुकाने व कार्यालये यांचा तत्सम कचराही, बागेतला पालापाचोळा मोजायचा की सोडायचा, यावर त्याच गावाचे प्रमाण बरेच वरखाली होते. बागेचा कचरा वजनाने जड असल्याने तो गोळा करू लागताच, प्लास्टिक किंवा कागदाच्या बाबतीत काहीही न सुधारता, एकूण टक्केवारी चढते.

युरोपीय संघात या प्रश्नाने औपचारिक रूप घेतले. 2008 च्या कचराविषयक चौकट निर्देशाने 2020 पर्यंत 50 टक्क्यांचे लक्ष्य ठेवले होते. परंतु युरोपीय आयोगाच्या (संघाच्या कार्यकारी संस्थेच्या) 2011 च्या निर्णयाने ते मोजण्याच्या चार पद्धती मान्य करून त्यांतली कोणतीही निवडण्याची मुभा सदस्य राष्ट्रांना दिली. पहिलीत घरातील कागद, धातू, प्लास्टिक व काच एवढेच धरले जात. दुसरीत त्यांच्या जोडीला काही अन्य प्रकारचा कचरा येई, तिसरीत सगळा घरगुती कचरा, तर चौथीत संपूर्ण नागरी कचरा. साहजिकच पहिल्या पद्धतीने काढलेला आकडा चौथीच्या आकड्यापेक्षा बहुधा मोठा येई, आणि दोन देशांची तुलना जवळजवळ निरर्थक होई. ज्याची परीक्षा घ्यायची त्यानेच मोजपट्टी निवडावी, हा या व्यवस्थेतला मूलभूत दोष होता. 2018 च्या दुरुस्तीने तो बराच दूर केला. नागरी कचऱ्यासाठी 2025 पर्यंत 55, 2030 पर्यंत 60 आणि 2035 पर्यंत 65 टक्के अशी लक्ष्ये ठरली; कचरा प्रत्यक्ष पुनर्चक्रीकरणाच्या प्रक्रियेत शिरतो तो बिंदू मोजणीसाठी मुक्रर झाला; वर्गीकरणानंतरचे वजन वापरायचे असल्यास पुढची घट वजा करणे आले. जैविक कचरा 2027 पासून मुळातच वेगळा केलेला असेल तरच मोजला जाईल, असेही ठरले. ज्या राष्ट्रांचे प्रमाण 2013 मध्ये 20 टक्क्यांहून कमी होते किंवा ज्यांचा 60 टक्क्यांहून अधिक कचरा भरावभूमीत जात होता, त्यांना पाच वर्षांपर्यंत मुदतवाढ मागता येते. कॅलिफोर्नियाने वेगळी वाट धरली. किती कचरा वळवला याचा अंदाज बेभरवशाचा ठरल्याने तेथे 2008 च्या कायद्याने दरडोई किती कचरा शेवटी टाकला जातो, हे पाहण्यास सुरुवात झाली. टाकलेला कचरा काट्यावर प्रत्यक्ष मोजता येतो, या दृष्टीने ही पद्धत अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल, जरी तीतून पुनर्चक्रीकरणाची गुणवत्ता कळत नाही.

मोजणीतील सर्वांत मोठे भगदाड निर्यातीचे होते. वेगळा केलेला माल बंदरातून बाहेर पडला की तो पुनर्चक्रीकृत झाला, असे अनेक देशांच्या हिशेबात गृहीत धरले जाई. चीनने जुलै 2017 मध्ये जागतिक व्यापार संघटनेला कळवून त्या वर्षाच्या अखेरीस 24 प्रकारच्या घन कचऱ्याची आयात बंद केली आणि मार्च 2018 पासून अन्य मालातील भेसळीची मर्यादा 0.5 टक्क्यांवर आणली. तेव्हा हे गृहीतक उघडे पडले, आणि जे नगरप्रशासन वर्षानुवर्षे चांगले आकडे दाखवत होते त्याला अचानक माल ठेवायला जागा उरली नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने 2018 च्या अहवालात दाखवून दिले, की 2017 मध्ये पुनर्चक्रीकृत म्हणून नोंदलेल्या वेष्टनांपैकी सुमारे निम्मी परदेशी पाठवलेली होती आणि तेथे त्यांचे पुढे काय होते यावर पुरेशी देखरेख नव्हती. घातक कचऱ्याच्या देशांतरावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय बाझल करारात 2019 मध्ये केलेल्या आणि 1 जानेवारी 2021 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने भेसळयुक्त प्लास्टिक कचरा पाठवण्यापूर्वी घेणाऱ्या देशाची संमती आवश्यक केली.

परिणामांवाचून उत्तरदायित्व पोकळ राहते. वेल्सने 2010 च्या कायद्याने स्थानिक संस्थांना टप्प्याटप्प्याने वाढणारी लक्ष्ये घालून दिली, ती 2019–20 साठी 64 व 2024–25 साठी 70 टक्के होती. कमी पडलेल्या प्रत्येक टनामागे दंड आकारण्याचा अधिकार तेथील शासनाने राखला, शिवाय कोणत्या संस्थेचा माल कोठे जातो हे संकेतस्थळावर खुले केले. लक्ष्य, दंड आणि प्रकटन या तिघांची अशी सांगड फार थोड्या ठिकाणी आढळते. इटलीच्या कांपानिया प्रदेशातील कचरा-संकटात दोन न्यायालयांनी शासनाला जाब विचारला. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने 2012 मध्ये खाजगी व कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचे ठरवले आणि काम त्रयस्थ संस्थांकडे सोपवल्याने राज्याचे कर्तव्य संपत नाही, असेही स्पष्ट केले. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2015 मध्ये 2 कोटी युरोंचा ठोक आणि दिवसाला 1,20,000 युरोंचा दंड ठोठावला. यांपैकी पहिला निकाल तत्त्वतः अधिक मोलाचा आहे, कारण ठेकेदाराकडे बोट दाखवणे हीच या क्षेत्रातली सर्वांत सवयीची पळवाट आहे.

उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची, म्हणजे वस्तू टाकून दिल्यानंतरचा भारही तिच्या उत्पादकाने उचलण्याची, कल्पना स्वीडनमध्ये 1990 च्या सुमारास टॉमस लिंडक्विस्ट यांनी मांडली आणि जर्मनीने 1991 च्या वेष्टन-आदेशाने ती अमलात आणली. तीमुळे खर्च उत्पादकांवर गेला हे योग्यच झाले. मात्र उत्पादकांच्या संघटना खाजगी असल्याने त्यांचे हिशेब विधिमंडळापुढे किंवा महालेखापरीक्षकापुढे आपोआप येत नाहीत; म्हणून शासनाकडे निदान नोंदणी, तपासणी व माहिती खुली करण्याचे काम राहावे लागते. पर्यावरणीय माहिती, निर्णयातील सहभाग आणि न्यायालयात दाद मागण्याचा हक्क देणारा 1998 चा आर्हूस करार या बाबतीत आधारभूत ठरतो. पाणीपुरवठा, हवेची शुद्धता, सार्वजनिक आरोग्य अशा अन्य धोरणांनाही हीच तत्त्वे लागू होतात. तेथेही मोजण्याची जागा, मोजणाऱ्याचे स्वातंत्र्य आणि चुकल्यावरचा परिणाम हेच तीन प्रश्न विचारावे लागतात.

अनेक देशांत घरगुती कचऱ्यातील उपयोगी माल नगरसंस्थेच्या गाडीऐवजी कचरावेचकांच्या हातून पुढे जातो, आणि तो अधिकृत टक्केवारीत क्वचितच येतो. कोलंबियाच्या घटनात्मक न्यायालयाने 2003 पासून दिलेल्या निर्णयांत या लोकांना सफाईसेवेच्या निविदांतून वगळणे अन्यायाचे ठरवले, आणि बोगोता शहराने 2013 मध्ये त्यांना गोळा केलेल्या मालाच्या वजनानुसार मोबदला देण्यास आरंभ केला. मोबदल्यासाठी वजन करणे भाग पडल्याने त्यांचे कामही नोंदीत आले.