पिंप श्वास घेतं
कोट्यवधी वर्षं जमिनीत पडून राहिलेलं तेल डब्यात दोन वर्षांत कसं खराब होईल, असं गॅरेजवर कुणीतरी हमखास म्हणतं. पण जमिनीखाली त्या तेलाला हवा लागत नव्हती. शिवाय डब्यातलं इंजिन ऑइल म्हणजे नुसतं खनिज तेल नसतं. काजळी तरंगत ठेवणारी, आम्ल मारणारी, फेस मोडणारी रसायनं त्यात मिसळलेली असतात. झीज रोखणारी जस्त-फॉस्फरसची संयुगंही असतात. सील न फोडलेला डबा थंड, कोरड्या जागी ठेवला, तर अनेक उत्पादकांच्या मते ते साधारण पाच वर्षं टिकतं.

ऑइलचा खरा घात करतं ते पाणी, आणि ते बंद बुचातूनही आत शिरतं.

कोकणात पावसाळ्यात २०० लिटरचं पिंप उघड्यावर उभं असलं, की वरच्या पत्र्यावर, कडेच्या आत पाणी साचतं. बूच त्या पाण्याखालीच असतं. मधेच ऊन पडून पिंप तापलं, की ऑइल फुगतं. तापमान २० अंशांनी वाढलं तर २०० लिटर ऑइल अडीच लिटरांहून जास्त फुगतं आणि वरची हवा बुचाच्या आट्यांतून बाहेर ढकलतं. रात्री गारवा आला की ते आकसतं, आत ओढ निर्माण होते आणि हवेच्या जागी साचलेलं पाणी झिरपतं. बूच आवळलेलं दिसतं, वरून काहीच कळत नाही, आणि हे महिनोन् महिने चालू राहतं.

आत गेलेलं थोडं पाणी ऑइलमध्ये विरघळतं, ते डोळ्यांना दिसत नाही. प्रमाण वाढलं की ऑइल दुधट होतं. इंजिन ऑइलमधली साफसफाईची रसायनं पाण्याचे बारीक थेंब धरून ठेवतात, त्यामुळे ते सगळं पाणी तळाशी बसेलच असं नाही. झीज रोखणारी संयुगं पाण्यामुळे विघटित होतात, पिंपाचा पत्रा आतून गंजतो. अशा ऑइलला चिकटपणा असतो, पण इंजिन राखायची ताकद गेलेली असते. शंका आली तर चांगल्या तापलेल्या पत्र्यावर, जरा लांब उभं राहून, एकच थेंब टाकावा. पाणी असेल तर तो तडतडतो.

म्हणून पिंप शेडमध्ये आडवं ठेवावं, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत आणि ऑइलच्या पातळीखाली येतील असं. मग बुचापाशी हवा नसते, त्यामुळे बाहेरची दमट हवा ओढली जात नाही. उभंच ठेवायचं असेल तर एका बाजूला लाकडाचा ठोकळा सारून असं कलतं करावं, की साचलेलं पाणी बुचांपर्यंत पोचणार नाही.

धुळीबद्दल तर फारच बेफिकिरी दिसते. बेअरिंगमधला ऑइलचा थर काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि रस्त्यावरच्या धुळीतली वाळू बेअरिंगच्या मऊ धातूला सहज ओरखडते. उघड्यावर पडलेलं नरसाळं न पुसता वापरणं हा निव्वळ अन्याय आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीतही ऑइल साठवू नये, कारण जस्ताची ऑइलमधल्या रसायनांशी क्रिया होते. अर्धा रिकामा कॅन विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवणंही वाईट, कारण त्यात हवा भरपूर असते आणि तापमानाच्या दर १० अंशांमागे ऑक्सिडेशनचा, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑइल खराब होण्याचा, वेग ढोबळमानाने दुप्पट होतो.

दुधट झालेलं ऑइल इंजिनात मुळीच ओतू नये. गटारातही सोडू नये. जळक्या ऑइलसारखंच तेही अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावं.