गाडी दोन इंच वर, ॲक्सल सात अंश तिरका

डेन्व्हरला राहणाऱ्या माझ्या एका मित्राने गेल्या उन्हाळ्यात आपली ऑल व्हील ड्राइव्ह स्टेशन वॅगन स्पेसर नावाच्या जाड चकत्या घालून दोन इंच उंच करून घेतली. कोलोरॅडोत ट्रेकच्या सुरुवातीपर्यंत जाणारे कच्चे रस्ते दगडगोट्यांचे आणि पावसाने चर पडलेले असतात, तिथे गाडीचं पोट घासायचं. ते थांबलं, पण नवं दुखणं लागलं. सिग्नल सुटून ॲक्सिलरेटर दाबला की सीट थरथरायची, पाय काढला की शांत. गॅरेजवाला म्हणाला, "स्पेसरने काही होत नाही, टायर बॅलन्स करून घ्या." आईने पुण्याहून लिंबू-मिरची बांधायला सांगितली. टायर दोनदा बॅलन्स झाले, लिंबू-मिरचीही लागली, थरथर कायम. जो बिघाड पाय दाबल्यावर येतो आणि उचलल्यावर जातो, त्याचं कारण इंजिनाची ताकद ज्या वाटेने चाकापर्यंत जाते त्या वाटेवरच शोधायला हवं.

मुळात उंची कशाला? चारही चाकं फिरतात म्हणजे गाडी कुठूनही निघेल, हा समज फार पसरलेला आहे. टायरची पकड त्याच्यावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. पोट दगडावर किंवा चिखलाच्या उंचवट्यावर टेकलं की गाडीचा भार पोटावर येतो, टायर हलके होतात आणि चारही चाकं जागच्या जागी फिरत बसतात. सुबारूने हे ओळखून 1990च्या दशकाच्या मध्यावर लेगसी वॅगन उंच करून 'आउटबॅक' म्हणून अमेरिकेत विकली. आजच्या आउटबॅकखाली सुमारे 22 सेंटिमीटर मोकळी जागा असते, तर 2021 साली आलेल्या वाइल्डरनेस प्रकारात 24. म्हणजे खुद्द कंपनीने वाढवलेला फरक दोन सेंटिमीटरचा, आणि तेवढ्यासाठीही तिने सस्पेन्शन नव्याने जुळवलं. बाहेर मिळणारे किट मात्र एका दुपारी पाच सेंटिमीटर वाढवून देतात.

किट म्हणजे मुख्यतः जाड चकत्या, म्हणजे स्पेसर. शॉकॲब्सॉर्बरचं वरचं टोक जिथे बॉडीला बोल्टने बसतं, तिथे मध्ये ही चकती घालतात. स्प्रिंग ताणली जात नाही, कडकही होत नाही. फक्त बॉडी वर जाते आणि चाक तिच्या तुलनेत खाली उतरतं.

आता गंमत बघा. मारुतीच्या जिमनीसारख्या गाडीत दोन चाकांना जोडणारा ॲक्सल एकसंध, कडक असतो आणि डिफरन्शिअलचा, म्हणजे ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरांचा, गोळा त्याच्यातच असतो. तिथे स्प्रिंग कितीही उंच करा, गोळा जमिनीपासून तेवढ्याच अंतरावर राहतो, त्याला उचलायला मोठे टायरच लागतात. वॅगनचं उलटं. तिच्यात प्रत्येक चाक स्वतंत्र वरखाली होतं आणि डिफरन्शिअल बॉडीच्या बाजूला टांगलेलं असतं, त्यामुळे बॉडीबरोबर तेही वर जातं. जागा खरोखर वाढते. पण डिफरन्शिअल वर आणि चाक खाली म्हटल्यावर त्यांना जोडणारा ॲक्सल शाफ्ट तिरका होतो. त्याच्या दोन सांध्यांमध्ये 40 सेंटिमीटर अंतर धरलं, तर पाच सेंटिमीटर उंचीने सुमारे सात अंशांची भर पडते. आधी तीन अंश असतील तर आता दहा.

तिरकं होण्यात एवढं काय, हे समजायला ट्रकच्या प्रॉपेलर शाफ्टवरचा, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्यावरचा, 'क्रॉस' आठवा. सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकच्या नावाने ओळखला जाणारा हा सांधा कोनात फिरवला की विचित्र वागतो. आत जाणारा वेग एकसारखा असला तरी बाहेर पडणारा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. 30 अंशांच्या कोनात तो 87 टक्क्यांपासून 115 टक्क्यांपर्यंत हेलकावतो. ट्रकमध्ये दोन टोकांना दोन क्रॉस योग्य जुळणीत लावून एकाचा हेलकावा दुसऱ्याकडून खोडून काढतात. पण पुढचं चाक वळतंही आणि वरखालीही होतं, तिथे ही युक्ती चालत नाही.

1920च्या दशकात आल्फ्रेड झेप्पा या इंजिनिअरने यावर तोड काढली, आणि ती मला आजही यंत्रशास्त्रातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी वाटते. एका वाटीत एक गोल तुकडा, दोघांनाही सहा सहा खाचा, आणि खाचांमध्ये अडकलेले सहा पोलादी छर्रे. खाचांचा आकार आणि छर्रे धरणारा पिंजरा असा, की सांधा कितीही वाकवला तरी सगळे छर्रे दोन शाफ्टमधल्या कोनाला बरोबर मधोमध कापणाऱ्या प्रतलातच राहतात. त्या प्रतलात आरसा धरला असं समजा. एक शाफ्ट दुसऱ्याचं प्रतिबिंब होतो, आणि प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा हळू किंवा जलद फिरू शकत नाही. वेग समान. 1959च्या मिनीत हाच सांधा होता, आणि आपल्याकडे फ्रंट व्हील ड्राइव्ह मारुती 800 आली तेव्हापासून तो घरोघरी पोचला.

पण वेग समान राखताना छर्रे स्वस्थ नसतात. शाफ्ट सरळ असेल तर ते जागेवर असतात. कोन आला की प्रत्येक फेऱ्यात खाचेत पुढेमागे सरकतात. मी कागदावर मांडून पाहिलं. छर्रे केंद्रापासून तीन सेंटिमीटरवर धरले, तर तीन अंशांच्या कोनात एक छर्रा किलोमीटरमागे सुमारे दीड मीटर सरकतो, दहा अंशांत जवळपास पाच मीटर. तिपटीहून जास्त घासणं, तेवढी जास्त उष्णता. सांध्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूटही, कायम एका बाजूला दुमडलेला राहतो. तो फाटला की ग्रीस बाहेर, धूळ आत, आणि मग वळणावर तो ओळखीचा कट-कट आवाज.

हा झाला चाकाजवळचा सांधा. मित्राची थरथर मात्र आतल्या, डिफरन्शिअलजवळच्या सांध्याची होती. तिथे बहुधा तीन रोलर असतात, ते तीन सरळ खाचांत आतबाहेर सरकतात, म्हणजे चाक वरखाली झालं की शाफ्टची लांबी जुळवून घेता येते. कोन वाढला आणि त्याच वेळी जोर आला, तर रोलर सरळ लोळत नाहीत, तिरके घसटतात आणि फेऱ्यामागे तीनदा शाफ्टला आडवा धक्का देतात. ताशी 30 किलोमीटरला हे सेकंदाला जवळपास बारा धक्के. जोर नाही तर धक्का नाही, म्हणून पाय काढला की शांत.

बाकीचे परिणाम पटकन सांगतो. चाकांचा कॅम्बर (उभा कल) आणि टो (समोरची दिशा) बदलतो, म्हणून अलाइनमेंट करावीच लागते. गुरुत्वमध्य वर जातो. चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हे उलटण्याला विरोधाचं ढोबळ माप. चाकांमधलं अंतर 155 सेंटिमीटर असलेल्या गाडीत गुरुत्वमध्याची उंची 55 वरून 60 झाली की हे माप 1.41 वरून 1.29 वर येतं. अचानक स्टिअरिंग ओढावं लागलं तर हा फरक जाणवतो. 'काहीही परिणाम न होता तीन इंच' अशी जाहिरात करणारे यातलं एकही वाक्य लिहीत नाहीत, आणि याचा मला मनापासून राग येतो.

मित्राला मी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे डिफरन्शिअलही चकत्या घालून खाली आणायचं. कोन सुधारतो, पण तिथली मिळवलेली उंची परत जाते. दुसरी, हाव कमी करायची. त्याने दुसरी धरली. पाच सेंटिमीटरच्या जागी अडीचच्या चकत्या, व्यास अडीच सेंटिमीटरने मोठे टायर, त्यातून वर सव्वा सेंटिमीटर, आणि चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या ऑइलच्या टाकीखाली, जाड पत्रा. शाफ्टचा कोन साधारण साडेसहा अंशांवर आला. सीट थरथरायची थांबली. पत्र्यावर पहिल्याच आठवड्यात दगडाचा एक लांब ओरखडा उमटला, चेंबर शाबूत राहिलं.