नदी वाकते कशी, आणि सीमा कुठे राहते?

मोठा पूर ओसरला की दोन-चार दिवसांत एक बातमी हमखास येते: अमुक नदीने पात्र बदलले. बातमीचा सूर असा असतो, की नदीच्या हातून काहीतरी आगळीक घडली आहे. कुणी त्याला निसर्गाचा कोप म्हणतो, कुणी नदीमातेचा रोष. खरे म्हणजे मैदानातली नदी आडवी सरकते हे तिचे रोजचे काम आहे. बाराही महिने ते चालू असते, पुरात ते आपल्या नजरेत भरते एवढेच.

खनन, वहन आणि संचयन ही नदीची तीन कामे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेली असतात. नागमोडी वळणे आणि नालाकृती सरोवर यांच्या आकृत्याही वहीत काढलेल्या असतात. पण वळण मुळात पडते का, याचे उत्तर बहुधा एका ओळीत उरकलेले असते: मैदानात उतार कमी होतो, नदी मंदावते, आणि अडथळा आला की त्याला वळसा घालते. वाक्य इतके गुळगुळीत आहे की शंका घ्यायला जागाच मिळत नाही.

त्यात दोन भोके आहेत. पहिले वेगाचे. विल्यम मॉरिस डेव्हिस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नदीला तारुण्य, प्रौढत्व आणि वार्धक्य अशा अवस्था दिल्या. तेव्हापासून मैदानातली नदी म्हणजे थकलेली नदी ही कल्पना रुजली. 1953 मध्ये अमेरिकी जलशास्त्रज्ञ लूना लिओपोल्ड यांनी मोजमापांचे आकडे मांडले तेव्हा निघाले भलतेच. मुखाकडे जाताना बहुतेक नद्यांचा सरासरी वेग घटत नाही, उलट थोडा वाढतो किंवा जवळपास तेवढाच राहतो. उतार कमी होतो हे खरे, पण पात्र खोल होते आणि तळही तुलनेने गुळगुळीत होतो. डोंगरातला ओढा खळखळतो, फेसाळतो, म्हणून वेगवान वाटतो. त्याचे बरेचसे पाणी दगडांना धडकण्यातच दमलेले असते.

दुसरे भोक अडथळ्यांचे. हिमनदीच्या पाठीवर उन्हाळ्यात वितळपाण्याचे ओहोळ वाहतात. तिथे खडक नसतो, झाडाचे मूळ नसते, गाळही नावालाच असतो. बर्फाच्या त्या एकसारख्या पृष्ठभागावरही ओहोळ सुरेख नागमोडी होतात. म्हणजे वळणाचे कारण वाटेत आलेल्या वस्तूत नसून वाहण्यातच कुठेतरी असले पाहिजे.

ते सापडते चहाच्या कपात. चहा न गाळता कपात ओता आणि चमच्याने गोल ढवळून थांबा. पाणी फिरत असते आणि चहापत्ती तळाशी बसत जाते. फिरणारी वस्तू बाहेर फेकली जाते हे आपण ऐकलेले असते, त्या हिशेबाने पत्ती कडेला जमायला हवी. ती जमते मधोमध. 7 जानेवारी 1926 रोजी बर्लिनच्या प्रशियन विज्ञान अकादमीपुढे अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी नेमके हेच कोडे मांडले आणि त्यावरून थेट नद्यांच्या वळणांवर उडी घेतली. सापेक्षतावादाचा माणूस चहाच्या कपाबद्दल बोलतो ही गोष्ट लोकांना फार आवडते, त्यामुळे सगळे श्रेय त्यांच्या खात्यावर जमा झाले आहे. पण हेच स्पष्टीकरण लॉर्ड केल्विन यांचे थोरले बंधू, अभियंता जेम्स थॉमसन यांनी 1876 मध्येच दिले होते, आणि त्यांनी तर वळणदार पन्हळीत पाणी सोडून ते पडताळूनही पाहिले होते. धाकट्या भावाच्या आणि पुढे आइन्स्टाइनच्या झगमगाटात बिचारे मागे पडले.

आता ही यंत्रणा नीट पाहू, कारण या लेखाचा जीव तिच्यात आहे.

वळणावर पाण्याची दिशा सतत बदलावी लागते, आणि त्यासाठी वळणाच्या केंद्राकडे ओढणारे अभिकेंद्री बल लागते. नदीत ते कोण देणार? पाणी आधी बाहेरच्या काठाकडे जाऊन तिथे चढते. बाहेरच्या काठाला पातळी उंच, आतल्या काठाला सखल, असा आडवा उतार तयार होतो, आणि या उताराचा दाब पाण्याला आत ढकलून वळवतो. 100 मीटर रुंदीची नदी, वळणाची त्रिज्या 300 मीटर, वेग सेकंदाला 2 मीटर असे धरू. पातळीतला फरक म्हणजे वेगाचा वर्ग गुणिले रुंदी, भागिले गुरुत्वत्वरण आणि त्रिज्या यांचा गुणाकार. 4 गुणिले 100 म्हणजे 400; 9.8 गुणिले 300 म्हणजे 2940. भागाकार येतो 0.136 मीटर, साधारण साडेतेरा सेंटिमीटर. क्षुल्लक वाटते? पण किलोमीटरच्या हिशेबात हा आडवा उतार 1.36 मीटर होतो, आणि मैदानातल्या मोठ्या नद्यांचा समुद्राकडचा उतार किलोमीटरला काही सेंटिमीटर एवढाच असतो.

इथवर सगळे समतोल आहे. बिघडते ते तळाशी. तळ पाण्याला घासतो, म्हणून तळालगतचे पाणी सावकाश जाते. समजा तिथे वेग निम्मा, सेकंदाला 1 मीटर आहे. लागणारे अभिकेंद्री बल वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने तळाच्या पाण्याला वळायला पृष्ठभागाच्या फक्त चौथाई बल पुरे. दाब मात्र पृष्ठभागाच्या उतारातून येतो आणि तो उतार वरपासून तळापर्यंतच्या सगळ्या पाण्यावर सारखाच दाबत असतो. त्यामुळे तळाच्या पाण्याला गरजेपेक्षा जास्त दाब मिळतो आणि ते आतल्या काठाकडे लोटले जाते. वरच्या वेगवान पाण्याला तोच दाब अपुरा पडतो, ते बाहेरच्या काठाकडे घसरते. वरचे बाहेर, तळचे आत, आणि सगळे मिळून पुढे: पाणी पीळ घेत वळण पार करते. चहापत्ती कपाच्या मध्यावर येते ती तळाच्या याच आतल्या प्रवाहाने.

नदीच्या दृष्टीने या पिळाचा अर्थ सरळ आहे. बाहेरच्या काठावर वेगवान पाणी आदळून खाली बुडी मारते आणि काठाचा पाया पोखरते. वरची माती आधार सुटून धपकन कोसळते. आतल्या काठाकडे तळावरची वाळू ढकलली जाते आणि तिथे वाळूचा उतरता पट्टा साठत जातो. एक काठ खचतो, दुसरा वाढतो, नदीची रुंदी साधारण तेवढीच राहते आणि आख्खे पात्र बाजूला सरकते. बाहेरच्या काठाची कोसळलेली माती समोरच्या काठावर जाऊन बसते अशी समजूत असते. ती बहुतांशी चूक आहे. ती माती प्रवाहाबरोबर पुढे जाते आणि पुढच्या वळणावर त्याच बाजूला, म्हणजे तिथल्या आतल्या काठाला, स्थिरावते. शिवाय सगळ्यात जोरात झीज वळणाच्या नेमक्या टोकावर न होता थोडी पुढे होते. म्हणून वळणे नुसती रुंदावत नाहीत, ती हळूहळू मुखाकडेही सरकतात.

आणि सुरुवात? त्यासाठी काहीही चालते. किंचित वाकलेला काठ, तळावरचा वाळूचा उंचवटा. वळण थोडे पडले की पीळ सुरू होतो, पिळाने काठ खचतो, वळण वाढते, पीळ आणखी वाढतो. सरळ पात्र हीच अस्थिर अवस्था आहे. निसर्गात रुंदीच्या दहापटीहून लांब अगदी सरळ पट्टा क्वचितच सापडतो. मात्र काठ थोडे चिवट हवेत. चिकणमाती किंवा मुळांचे जाळे नसेल तर पाणी काठ सगळीकडून खाते, पात्र पसरते आणि नदी वेणीसारखी अनेक धारांत फुटते.

मला यातले सर्वात सुंदर वाटते ते प्रमाण. एका वळणापासून त्याच दिशेच्या पुढच्या वळणापर्यंतचे अंतर पात्राच्या रुंदीच्या साधारण 10 ते 14 पट भरते. उडी मारून ओलांडता येणाऱ्या ओढ्यालाही हे लागू आहे आणि मिसिसिपीलाही. म्हणूनच उपग्रहचित्रावर खाली मोजपट्टी नसेल तर नदी लहान की मोठी हे ओळखता येत नाही.

इथे एक गाळीव दावाही बाजूला काढतो. नदीची खरी लांबी भागिले उगम ते मुख सरळ अंतर म्हणजे बरोबर पाय, 3.14, असे समाजमाध्यमांवर फिरत असते; त्यावर विश्वाचे गूढ, दैवी गणित वगैरे मजकूरही चिकटवलेला असतो. 1996 मध्ये हान्स-हेन्रिक स्टोलुम यांच्या संगणकी प्रतिमानात सरासरी त्या आकड्याजवळ आली होती, त्याचा हा पसारा. प्रत्यक्षात हे गुणोत्तर नदीगणिक बदलते आणि बहुतेक नद्यांत बरेच कमी असते. दुसरी एक जुनी गोष्ट म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धातल्या नद्या उजवा काठ खातात हा बेअर यांचा नियम. तो परिणाम खोटा नाही, पण वरच्या उदाहरणातल्या नदीचा हिशेब 45 अंश अक्षांशावर केला तर वळणाचा जोर पृथ्वीच्या फिरण्याच्या जोरापेक्षा साठ-पासष्ट पट भरतो. तेव्हा कुठला काठ खचणार हे वळण ठरवते, गोलार्ध नव्हे.

वळण वाढता वाढता त्याची दोन टोके जवळ येतात आणि मध्ये जमिनीची चिंचोळी मान उरते. समजा वळसा 8 किलोमीटरचा आणि मान 400 मीटरची आहे. दोन्ही वाटांनी पाण्याला उतरायची उंची तीच, म्हणजे मानेवरून उतार वीसपट तीव्र. एखाद्या पुरात पाणी मान ओलांडते, ती कापते, आणि जुन्या वळशाची तोंडे गाळाने बुजून नालाकृती सरोवर मागे उरते. पंखाकृती मैदानावरच्या नद्यांची तऱ्हा वेगळी. कोसीसारखी नदी इतका गाळ आणते की तिचा तळच भोवतालच्या जमिनीच्या वर उचलला जातो. मग काठ फुटला की ती सखल भागाकडे धावते. 18 ऑगस्ट 2008 रोजी नेपाळमध्ये कुसहाजवळ बांध फुटला तेव्हा ती शंभरहून अधिक किलोमीटर पूर्वेला, पूर्वी कधीतरी सोडलेल्या वाटेने वाहू लागली होती.

आता माणसाचा भूगोल. माणसाला सीमा हवी असते, आणि नदी ही आयती आखलेली रेषा वाटते. नदी म्हणजे रेषा नव्हे, पट्टा आहे, हे लगेच लक्षात येते. म्हणून 1801 च्या ल्युनव्हिल तहात ऱ्हाइनच्या सर्वांत खोल धारेची रेषा ही फ्रान्सची सीमा ठरली. जहाजे त्याच धारेतून जात असल्याने दोघांनाही वाट मिळे. पण धार सरकली तर? त्यावर कायद्याने नियम काढला: काठ हळूहळू, कणाकणाने सरकला तर सीमा नदीबरोबर सरकेल. नदीने अचानक उडी घेतली तर सीमा जुन्या पात्रातच राहील.

न्यायाच्या दृष्टीने नियम शहाणा आहे. एका रात्रीत कुणाचे गाव परदेशात जाऊ नये. पण नदीच्या बाजूने पाहिले तर ही फूट कृत्रिम आहे. मान एका रात्रीत तुटते खरी, मात्र ती निमुळती होण्याला अनेक दशके लागलेली असतात, आणि ते काम केलेले असते त्याच कणाकणाच्या झिजेने. एकाच प्रक्रियेचा आधीचा भाग सीमा हलवतो आणि शेवटची रात्र तिला गोठवते.

1877 मध्ये मिसूरी नदीने अमेरिकेत ओमाहाजवळ एक मान कापली. नदीच्या पूर्वेचा आयोवा राज्याचा तुकडा पश्चिमेला, नेब्रास्काच्या बाजूला आला. 1892 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही उडी ठरवली, म्हणून सीमा जुन्याच पात्रात राहिली. त्या तुकड्यावरचे कार्टर लेक हे गाव आजही आयोवाचे आहे, आणि नेब्रास्कातल्या ओमाहा शहराच्या मध्यभागातून त्याच शहराच्या विमानतळावर जाताना वाटेत आयोवा लागते.

अमेरिकेतले एल पासो आणि मेक्सिकोतले स्यूदाद ह्वारेस या शहरांमधल्या रिओ ग्रांदे नदीने याहून मोठा घोळ घातला. 1848 च्या तहाने ही नदी अमेरिका आणि मेक्सिको यांची सीमा झाली. ती दक्षिणेकडे सरकत राहिली, आणि 1864 च्या पुरात तर मोठ्या झेपेने सरकली. चामिसाल नावाचा पट्टा उत्तरेला, म्हणजे अमेरिकेच्या बाजूला आला. अमेरिका म्हणे हळू सरकली, मेक्सिको म्हणे अचानक. दोघांच्याही बाजूने नियम तोच. 1911 मध्ये लवादाने झिजेच्या वेगावरच निवाडा दिला: 1864 च्या आधी सरकलेली जमीन अमेरिकेची, नंतरची मेक्सिकोची. 1864 चे पात्र नेमके कुठे होते हे आता सापडायचे नाही, अशा हरकती घेत अमेरिकेने तो नाकारला.

प्रकरण मिटले 1963 च्या करारात. एल पासोतल्या पाच हजारांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली, जमिनीचा मोठा भाग मेक्सिकोकडे गेला, आणि नदीसाठी सुमारे 7 किलोमीटर लांबीचा काँक्रीटचा नवा कालवा बांधून सीमा त्याच्या मध्यावर आखली गेली. काठच काँक्रीटचे, त्यामुळे पिळाला पोखरायला काही नाही. त्याच दोन देशांचा 1970 चा सीमाकरार मात्र उरलेल्या, मातीच्या काठांच्या नदीसाठी आहे. ती सरकली तर तिला उचलून पुन्हा जुन्या जागी आणण्याची तरतूद त्यात केलेली आहे.