जॉर्जिया बोल्ड इटालिक

जॉर्जिया या सेरिफ फॉन्टचा ठळक व तिरपा प्रकार. अक्षरांच्या टोकांशी बारीक पट्ट्या असलेल्या रोमन वळणाला सेरिफ म्हणतात. मॅथ्यू कार्टर यांनी मायक्रोसॉफ्टसाठी खास संगणकाच्या पडद्यावर वाचायला म्हणून जॉर्जिया आखला आणि १९९६ मध्ये तो सर्वांना मोफत मिळू लागला. साधा, तिरपा, ठळक आणि ठळक-तिरपा अशा त्याच्या चार प्रकारांपैकी शेवटचा सर्वांत अवघड.

तिरपे अक्षर १५०१ मध्ये व्हेनिसला मुद्रक-प्रकाशक आल्डस मानुशियसच्या छोट्या पुस्तकांतून रुळले. मजकुरात उठून दिसावे म्हणून जोडीला वापरायचे ठळक अक्षर मात्र एकोणिसाव्या शतकातले. १८४५ चा लंडनचा क्लॅरेंडन हा त्याचा प्रसिद्ध नमुना. मुळात निराळ्या कामांसाठी जन्मलेले हे दोन गुण एकाच अक्षरात आणले की त्यांची ओढाताण होते.

पडद्यावर ती अधिकच जाणवे. त्या काळी लहान आकारात अक्षराची उभी रेघ एका पिक्सेलची, म्हणजे पडद्यावरच्या एका बारीक ठिपक्याच्या रुंदीची असे. ती ठळक करायची तर थेट दोन पिक्सेल. दीड पिक्सेल शक्यच नव्हता. त्यामुळे जॉर्जियाचा ठळकपणा पुस्तकी फॉन्टपेक्षा भारदस्त आहे. रेघ जाड झाली की इंग्रजी ‘ए’ किंवा ‘ई’च्या पोटातली पांढरी जागा बुजते आणि रेघ कलली की तिच्या कडेला पायऱ्या पडतात. कार्टर यांनी म्हणून आधी पिक्सेलमध्येच अक्षरे बसवली आणि वळणदार बाह्यरेषा नंतर आखल्या. कोणत्या आकारात कोणता पिक्सेल भरायचा याच्या सूचना, म्हणजे हिंटिंग, टॉम रिकनर यांनी हाताने लिहिल्या. हे काम फारसे कुणाच्या नजरेत येत नाही, पण फॉन्टची वाचनीयता त्यावरच उभी आहे. अशी बारीक कारागिरी कार्टर यांना नवी नव्हती: तरुणपणी ते हॉलंडमधल्या हार्लेमला पोलादावर अक्षरे कोरायला शिकले होते.

हा प्रकार म्हणजे ठळक अक्षर नुसते कलते केलेले नव्हे. लहान ‘ए’चा वरचा आकडा जाऊन तो हस्ताक्षरासारखा एकमजली होतो. अंकही जुन्या पद्धतीचे आहेत: ३, ४, ५, ७, ९ ओळीखाली उतरतात, तर ६ आणि ८ वर डोकावतात.

ठळक शीर्षकात एरवी तिरपे छापले जाणारे पुस्तकाचे नाव किंवा प्राण्या-वनस्पतींचे शास्त्रीय नाव आले की हा प्रकार खऱ्या अर्थाने कामाला येतो. छोटे अवतरण, उपशीर्षक, निमंत्रणातली एखादी ओळ यांनाही तो शोभतो. अख्खा परिच्छेद मात्र त्यात लावू नये. सगळेच ठासून सांगितले की काहीच ठसत नाही आणि डोळे शिणतात.

जॉर्जियात रोमन, ग्रीक आणि सिरिलिक लिप्या आहेत, देवनागरी नाही. मराठी मजकुराला हा प्रकार लावला तर संगणक दुसरा देवनागरी फॉन्ट उचलतो आणि त्याला तिरपा प्रकार नसेल तर तोच यांत्रिकपणे कलवतो. मग शिरोरेषा आडवीच राहते, काने तेवढे उजवीकडे झुकतात. ठळकपणाही असाच कृत्रिम असेल तर ‘क्ष’, ‘ऋ’ यांसारख्या दाट अक्षरांच्या पोकळ्या भरून जातात. मराठीत भर द्यायला नुसता ठळक प्रकार किंवा मोठा आकार वापरणेच बरे.