लाइव्ह रॉक अल्बम

लाइव्ह रॉक अल्बम : रॉक बँडने श्रोत्यांसमोर केलेल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण करून काढलेला अल्बम. १९६८ ते १९७९ हा या प्रकाराच्या बहराचा काळ. तेव्हाच्या अनेक तबकड्या आजही नव्याने छापल्या जातात आणि नवे श्रोते मिळवतात. ‘त्या रात्री जे घडले ते जसेच्या तसे’ हे त्यांच्या लोकप्रियतेचे नेहमी सांगितले जाणारे कारण अर्धेच खरे आहे, कारण यातल्या बऱ्याच ध्वनिमुद्रणांवर मागाहून स्टुडिओत हात फिरवलेला आहे. जास्त पटणारे कारण वेगळे आहे. स्टुडिओत चार मिनिटांत उरकलेले गाणे दौऱ्यावर रोज वाजते, तेव्हा कुठे ते अंगात मुरते. लाइव्ह अल्बममध्ये ते मुरलेले रूप सापडते आणि पुढे लोक त्यालाच मूळ गाणे धरतात.

चीप ट्रिक या अमेरिकन बँडचे ‘आय वाँट यू टू वाँट मी’ हे याचे ठळक उदाहरण. १९७७ मधली स्टुडिओतली आवृत्ती संथ आणि काहीशी गुळमुळीत होती; अमेरिकेत ती चालली नाही. एप्रिल १९७८ मध्ये तोक्योच्या बुडोकान सभागृहात बँडने तेच गाणे वेगात, गिटारचा जोर वाढवून वाजवले. कडव्यातला एक शब्द गायकाने उच्चारला, की हजारो जपानी मुली तो एका सुरात परत फेकतात आणि तो प्रतिसाद गाण्याचाच भाग होऊन बसतो. अल्बम फक्त जपानसाठी होता. पण आयात केलेल्या प्रती अमेरिकेत इतक्या खपू लागल्या, की १९७९ मध्ये कंपनीला तो तिथेही काढावा लागला आणि ते गाणे अमेरिकन यादीत सातव्या क्रमांकावर पोहोचले. पीटर फ्रॅम्प्टनचेही असेच झाले. चार स्टुडिओ अल्बम बेताचे चाललेल्या या गिटारवादकाचा ‘फ्रॅम्प्टन कम्स अलाइव्ह!’ जानेवारी १९७६ मध्ये आला आणि अमेरिकेत एकूण दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. गिटारचा आवाज नळीतून तोंडात घेऊन ओठांनी त्याला शब्दांचा आकार देणारा ‘टॉक बॉक्स’ बहुतेकांनी याच अल्बमवर पहिल्यांदा ऐकला.

हे सगळे शक्य झाले ते तंत्रामुळे. बीटल्सचे १९६४ आणि १९६५ चे हॉलिवूड बोलमधले कार्यक्रम तीन ट्रॅकच्या, म्हणजे आवाज वेगवेगळे साठवणाऱ्या तीन पट्ट्यांच्या, टेपवर घेतले होते. श्रोत्यांच्या किंकाळ्यांत गाणी बुडाली, वादकांना स्वतःचे वाजवणे ऐकू येईना, आणि त्या टेप १९७७ पर्यंत पडून राहिल्या. साठच्या दशकाच्या अखेरीस आठ आणि मग सोळा ट्रॅकची यंत्रे आली. ग्रेटफुल डेडचा ‘लाइव्ह/डेड’ (१९६९) सोळा ट्रॅकवर घेतलेल्या पहिल्या लाइव्ह रॉक अल्बमांपैकी एक. अख्खा स्टुडिओ ट्रकमध्ये बसवून सभागृहाच्या दारात उभा करायची पद्धत रुळली. मंचावरच्या प्रत्येक मायक्रोफोनच्या तारेला फाटा काढून एक वाट सभागृहातल्या ध्वनिवर्धकांकडे आणि दुसरी ट्रककडे नेत. श्रोत्यांसाठी वेगळे मायक्रोफोन टांगत. अडचण एकच, पण मोठी. गायकाच्या मायक्रोफोनमध्ये ड्रमही शिरतात आणि ड्रमच्या मायक्रोफोनमध्ये गिटार. त्यामुळे एकाची चूक पुसायला गेले, तर शेजाऱ्याचाही थोडा आवाज पुसला जातो. लाइव्ह अल्बम दाट वाटतो त्याचे बरेचसे श्रेय या गळतीला आहे.

द हू या इंग्लिश बँडचा ‘लाइव्ह ॲट लीड्स’ (१९७०) हा या प्रकारातला मानदंड समजला जातो. अमेरिकेच्या दौऱ्यात बँडने ढीगभर टेप भरल्या होत्या. त्या ऐकून त्यातून निवड कोण करणार, म्हणून गिटारवादक पीट टाउनशेंडने त्या जाळून टाकायला सांगितल्या आणि खास ध्वनिमुद्रणासाठी दोन नवे कार्यक्रम ठरवले : १४ फेब्रुवारी १९७० ला लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात आणि दुसऱ्या दिवशी हल शहरात. अल्बममध्ये फक्त सहा गाणी होती. त्यातले ‘माय जनरेशन’ मूळचे तीन-साडेतीन मिनिटांचे. इथे ते चौदा मिनिटांच्या वर जाते आणि वाटेत बँडच्या इतर रचनांचे तुकडे उचलत पुढे सरकते. वेष्टन मुद्दाम चोरट्या, म्हणजे परवानगीविना काढलेल्या, तबकडीसारखे ठेवले : तपकिरी पुठ्ठा, त्यावर रबरी शिक्का, आत जुनी कागदपत्रे आणि एका कंपनीने बँडला दिलेले नकाराचे पत्र. तबकडीच्या लेबलवर, मधूनमधून ऐकू येणारी खरखर तशीच आहे, ती दुरुस्त करू नये, अशी हस्ताक्षरात सूचना होती. दोष झाकण्याऐवजी तोच खरेपणाचा पुरावा म्हणून पुढे करण्याची ही चलाखी नंतर अनेकांनी उचलली.

ऑलमन ब्रदर्स बँडचा ‘ॲट फिलमोर ईस्ट’ (जुलै १९७१) वेगळ्या जातीचा. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात निर्माते टॉम डाउड यांनी तो ध्वनिमुद्रित केला. दोन गिटार, दोन ड्रमवादक, ऑर्गन, बास, आणि एकमेकांचे ऐकत, एकमेकांना वाट देत वाजवायची जॅझमधली सवय. ‘व्हिपिंग पोस्ट’ तेवीस मिनिटे चालते आणि तबकडीची एक पूर्ण बाजू खाते. मध्ये एका जागी सगळे जवळजवळ थांबते. गिटार एकेक सूर टाकून वाट पाहते, श्रोत्यांतला एखादा आवाज चुकार येऊन जातो, आणि मग वादक पुन्हा चढू लागतात. या गाण्याच्या शेवटी, टाळ्या सुरू असतानाच, बँड थेट पुढच्या रचनेत शिरतो. तबकडीवर तिथे आवाज हळूहळू मिटत जातो. ती पुढची रचना, ‘माउंटन जॅम’, १९७२ च्या ‘ईट अ पीच’ अल्बमवर आली : तेहतीस मिनिटांची, दोन बाजूंवर तोडून टाकलेली. तोवर गिटारवादक ड्वेन ऑलमन २९ ऑक्टोबर १९७१ ला मोटारसायकल अपघातात गेला होता आणि फिलमोर ईस्टही बंद झाले होते. आज हा अल्बम ऐकणाऱ्याला या दोन्ही गोष्टी ठाऊक असतात, आणि त्या मनातून बाजूला ठेवून ऐकणे कठीण जाते.

डीप पर्पल या इंग्लिश बँडला ‘मेड इन जपान’ (डिसेंबर १९७२) काढायचाच नव्हता. आग्रह जपानी कंपनीचा. आपला ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च सोबत असेल आणि टेप आपल्या ताब्यात राहतील, या अटींवर बँड तयार झाला. १५ ते १७ ऑगस्टचे तीन कार्यक्रम, दोन ओसाकात आणि एक बुडोकानमध्ये, यांतून सात गाणी निवडली. ‘स्पेस ट्रकिंग’ स्टुडिओत साडेचार मिनिटांचे होते, इथे वीस. ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’मध्ये रिची ब्लॅकमोर गिटारवर एक फिरकी घेतो, इयन गिलन ती गळ्यातून परत करतो, देवाणघेवाण आखूड होत जाते, पट्टी चढत जाते आणि शेवटी एका लांब किंकाळीवर फुटते. दोन गाण्यांमध्ये गिलन ध्वनियोजकाला सांगतो, की प्रत्येक वाद्य बाकीच्या सर्व वाद्यांपेक्षा मोठे ठेव. इतका नेमका रॉकचा जाहीरनामा दुसरा कोणी लिहिलेला नाही.

आता दुरुस्त्यांविषयी. थिन लिझी या बँडच्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’चा (१९७८) बराच मोठा भाग स्टुडिओत पुन्हा वाजवला, असे निर्माते टोनी व्हिस्कोंटी सांगत आले, बँडच्या बाजूने ते तितक्याच ठामपणे नाकारले गेले. किस या बँडच्या ‘अलाइव्ह!’मध्येही (१९७५) बरेच काही मागाहून भरलेले आहे. कंट्री गायक जॉनी कॅशच्या फॉल्सम तुरुंगातल्या १९६८ च्या प्रसिद्ध अल्बममध्ये खुनाच्या ओळीवर कैदी जो जल्लोष करतात, तो नंतर चिकटवलेला. पहारेकऱ्यांच्या नजरेसमोर अशा ओळीला दाद देण्याइतके ते कैदी बेफिकीर नव्हते. शुद्धतावाद्यांना हे सलते. पण श्रोत्याला हवी असते ती सभागृहाची हवा, समोर माणसे असल्याची ऊब. ती खोटी पडली नाही, तर गळ्यावरची डागडुजी फार कोणी मनाला लावून घेत नाही. पोकळ टाळ्या मात्र कान लगेच ओळखतो.

काही लाइव्ह अल्बम केवळ करार फेडायला निघाले. जिमी हेंड्रिक्सचा ‘बँड ऑफ जिप्सीज’ (१९७०) एका जुन्या कराराचा दावा मिटवण्यासाठी दुसऱ्या कंपनीला दिलेला. तरी त्यातले ‘मशीन गन’ त्याच्या सर्वोत्तम वादनांत गणले जाते. चोरट्या तबकड्यांचा बाजारही याच काळातला. बॉब डिलनच्या १९६६ च्या दौऱ्यातले एक ध्वनिमुद्रण वर्षानुवर्षे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या नावाने फिरत होते; प्रत्यक्षात ते मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधले, १७ मे चे. लोकसंगीत सोडून विद्युत गिटार हाती घेतली म्हणून एका श्रोत्याने डिलनला ‘जूडास’ (येशूचा विश्वासघात करणारा शिष्य) म्हणून हिणवल्याचे त्यात ऐकू येते. १९९८ मध्ये ते अधिकृतपणे निघाले, तेव्हाही जुने चुकीचे नाव अवतरणचिन्हांत कायम ठेवावे लागले.

ऐंशीच्या दशकात चित्रफितींनी या अल्बमांची जागा बरीच खाल्ली. निर्वाणा या बँडचे १९९३ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ (मुख्यतः साध्या, विद्युत नसलेल्या वाद्यांवरचा दूरचित्रवाणी कार्यक्रम) हे नंतरच्या काळातले मोठे नाव. मात्र जुन्या अल्बमांच्या वाढीव आवृत्त्या निघतच राहिल्या. ‘लाइव्ह ॲट लीड्स’ १९९५ आणि २००१ मध्ये वाढला, आणि २०१० मध्ये हलचा कार्यक्रमही बाहेर आला. तो इतकी वर्षे अडला होता, कारण पहिल्या काही गाण्यांत द हूचा बासवादक जॉन एन्टविसल याचा बास टेपवर उतरलाच नव्हता. शेवटी आदल्या रात्रीचा लीड्समधला बास उचलून तिथे बसवला गेला.